मुंबापुरीची प्रेक्षणीय स्थळे आणि दानाची परंपरा

महाराष्ट्रातील गावोगावच्या माणसाच्या मनात मुंबईचे स्थान वेगळे आहे. कोणी व्यापारासाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी औषधोपचारासाठी, तर कोणी मुलाबाळांच्या शिक्षणासाठी या नगरीची वाट धरतो. कामकाज आटोपले की एखादा दिवस राखून ठेवला जातो आणि मग सहकुटुंब 'मुंबई दर्शन' घडते. गेट वे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, राणीची बाग, मलबार हिलवरील म्हातारीचा बूट, चौपाटी, मरीन ड्राइव्ह आणि वेळ उरलाच तर बोटीने घारापुरी, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वाटाड्या वास्तूची उंची सांगतो, बांधकामाचे वर्ष सांगतो आणि मंडळी पुढे निघतात. ही वास्तू कोणी उभी केली, कोणाच्या द्रव्याने उभी केली आणि कोणासाठी उभी केली, हे विचारण्यास बहुधा उसंत नसते.

तो प्रश्न विचारला तर मुंबईचे एक निराळेच रूप दृष्टीस पडते. या शहरातील काही भव्य वास्तू सरकारने व रेल्वे कंपन्यांनी बांधल्या, हे खरे. परंतु ज्या वास्तूंमुळे मुंबई ही नगरी म्हणून नांदू लागली, त्यांपैकी कितीतरी येथील व्यापाऱ्यांच्या दानातून निर्माण झाल्या. जैन आचारात श्रावकासाठी आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे चतुर्विध दान सांगितले आहे. या चारही दानांच्या खुणा मुंबईच्या रस्त्यांवर आजही पाहावयास मिळतात. त्या सर्वच जैनांच्या नाहीत. पारशी, हिंदू, मुस्लिम, ज्यू अशा सर्व समाजांनी त्यात आपला वाटा उचलला. त्या दृष्टीने मुंबईची प्रेक्षणीय स्थळे पाहिल्यास सहलीचे रूपांतर एका अभ्यासयात्रेत होईल, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

सात बेटे आणि डोंगरातील लेणी

आजची मुंबई ही मुळात सात बेटांची भूमी होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती बेटे होत. भरतीच्या वेळी त्यांच्यामधून समुद्राचे पाणी खेळत असे आणि पावसाळ्यात चिखल व दलदल माजत असे. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ च्या विवाहकराराने ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअर याने निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांना येथे वसण्यास उत्तेजन दिले व उपासनेचे स्वातंत्र्य दिले. गुजरात, काठियावाड, कच्छ आणि कोकण या प्रदेशांतून व्यापारी कुटुंबे येऊ लागली ती या आश्वासनाच्या बळावर.

तथापि दानाची परंपरा या भूमीवर इंग्रजांच्या पूर्वीपासून नांदत होती. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी असलेला हा समूह इ. स. पूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे नांदता राहिला. तेथील शिलालेखांत राजांची नावे आहेत, परंतु त्याहून अधिक लक्ष वेधून घेतात ती कल्याण, सोपारा, नाशिक अशा ठिकाणांहून आलेल्या व्यापारी व गृहस्थ दात्यांची नावे. कोणी लेणे कोरून दिले, कोणी पाण्याची 'पोढी' म्हणजे टाके खोदून दिले. पावसाचे पाणी डोंगरातल्या डोंगरात साठवण्याची ती योजना पाहून आजचा अभियंताही थक्क होतो. समुद्रकिनाऱ्यावरील या प्रदेशात पाऊस धो धो कोसळतो आणि तरीही उन्हाळ्यात गोड्या पाण्याची वानवा भासते. म्हणूनच पाणी देणे हे येथील आद्य दान ठरले.

याच उद्यानाच्या परिसरात पोदनपूर येथे भगवान आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या उत्तुंग मूर्ती आहेत. 'त्रिमूर्ती' या नावाने हे दिगंबर जैन मंदिर सर्वश्रुत आहे. कान्हेरीला जाणाऱ्या धर्मबंधूंनी दोन्ही स्थळे एकाच दिवसात पाहावीत.

पायधुणी, भुलेश्वर आणि अभयदान

मुंबईच्या मध्यवस्तीतील पायधुणी या नावाची कथा मोठी बोलकी आहे. बेटांमधील पाणथळ जागा ओलांडून आलेला वाटसरू येथे चिखलाने भरलेले पाय धूत असे, म्हणून पायधुणी, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडार बुजवणारा हॉर्नबी वेलार्ड हा बांध १७८४ च्या सुमारास पूर्ण झाला आणि आतील सखल जमीन हळूहळू वस्तीयोग्य होऊ लागली. १८०३ मध्ये कोट भागात भीषण आग लागली. त्यानंतर पुष्कळ व्यापाऱ्यांनी कोटाबाहेर बस्तान हलवले. पायधुणी, भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी हे भाग त्यातून गजबजले. पायधुणीचे श्री गोडीजी पार्श्वनाथ मंदिर १८१२ सालचे असून २०१२ मध्ये त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली.

याच काळातील थोर श्रावक म्हणजे सेठ मोतीचंद अमीचंद, अर्थात मोतीशा सेठ (१७८२–१८३६). भायखळ्याचे आदिनाथ मंदिर त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभारले. शत्रुंजयावरील 'मोतीशानी टूंक' ही त्यांचीच. तिची प्रतिष्ठा होण्यापूर्वी १८३६ मध्ये त्यांचे देहावसान झाले आणि पुढील वर्षी त्यांच्या पुत्राने तो सोहळा पार पाडला.

परंतु मुंबई पाहावयास येणाऱ्याने मोतीशा सेठांचे आणखी एक कार्य अवश्य पाहावे. भुलेश्वरच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत पांजरापोळ आहे. १८३२ मध्ये शहरातील भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी आज्ञेवरून मोठा क्षोभ उसळला. पारशी समाज पुढे होता आणि हिंदू व जैन व्यापाऱ्यांनी त्यास साथ देऊन बाजार बंद ठेवला. दंगल शमली, पण प्रश्न उरलाच होता. मुक्या जनावरांना मारू नये असे म्हणणाऱ्यांनी ती सांभाळण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे, हा विचार पुढे आला आणि १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व मोतीशा सेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने पट्टी बसवून त्याचा खर्च चालविला. एक पारशी आणि एक जैन यांनी मिळून उभे केलेले हे अभयदानाचे स्मारक आहे. सोन्याच्या भावाने जमीन विकली जाणाऱ्या या शहराच्या ऐन मध्यभागी आजही गाई-वासरे सुखाने उभी आहेत, हे दृश्य कोणत्याही गगनचुंबी इमारतीहून कमी प्रेक्षणीय नाही.

पाणी, पूल आणि औषध

भुलेश्वरहून जवळच सी. पी. टँक नावाचा चौक आहे. येथे आता तलाव नाही. परंतु नावातील 'सी. पी.' म्हणजे कावसजी पटेल हे पारशी दाते होत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी लोकांच्या पाण्याच्या सोयीसाठी येथे तलाव बांधला. तलाव बुजला तरी दात्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

तेथून मांडवीच्या बाजारात गेल्यास भात बाजारात सेठ केशवजी नायक यांनी १८७६ मध्ये लोकार्पण केलेले, घड्याळाचा मनोरा असलेले देखणे कारंजे दिसते. केशवजी नायक हे कच्छी जैन व्यापारी. गोदीतून माल वाहणारे हमाल, हातगाडीवाले, बैल, घोडे या सर्वांची तहान भागावी हा अशा प्याऊंचा हेतू असे. मुंबईत अशी अनेक दगडी प्याऊ आहेत. बऱ्याचशा कोरड्या पडल्या, काहींच्या भोवती दुकाने उभी राहिली, तर काहींचा अलीकडच्या वर्षांत जीर्णोद्धार झाला. बाजारातून जाणाऱ्याने क्षणभर थांबून अशा प्याऊवरील अक्षरे वाचावीत. आई, वडील, पत्नी किंवा अकाली गेलेले अपत्य यांच्या स्मरणार्थ पाणी दिल्याचे त्यांत कोरलेले आढळते.

माहीम आणि वांद्रे यांच्यामधील पुलावरून दररोज असंख्य वाहने धावतात. पूर्वी ही खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात जीवितहानी होई. जमशेटजींच्या पत्नी लेडी अवाबाई जिजीभाई यांनी या कामासाठी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि या मार्गावर कोणाकडूनही जकात घेऊ नये, अशी अट घातली. १८४५ मध्ये हा मार्ग खुला झाला. त्याच वर्षी भायखळ्याजवळ जमशेटजींच्या देणगीतून उभारलेले जे. जे. रुग्णालयही सुरू झाले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून मुंबईस उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या कितीतरी पिढ्या या औषधदानाच्या ऋणात आहेत.

राजाबाई टॉवर: दिलेले आणि राखलेले

मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर हे ज्ञानदानाचे सर्वांत उंच स्मारक होय. त्याची कथा श्रावकांनी मुळातून समजून घेण्याजोगी आहे.

सेठ प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचा जन्म सुरतेच्या जैन कुटुंबात झाला. मुंबईत येऊन कापूस, सराफी आणि शेअर यांच्या दलालीत त्यांनी नाव काढले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा कापूस बंद पडला. हिंदुस्थानच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नवनव्या बँका, जमीन भरणीच्या कंपन्या आणि त्यांचे शेअर यांची झुंबड उडाली. बॅकबे भरणी कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. या साऱ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद सेठ होते. त्यांच्या एका शब्दावर भाव चढत आणि उतरत, अशी त्यांची ख्याती होती.

त्या वैभवाच्या दिवसांत, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ या हिशेबपूर्तीच्या दिवशी मुंबईतील शेकडो व्यापाऱ्यांची दिवाळी निघाली. प्रेमचंद सेठही त्यातून सुटले नाहीत. बॅकबेच्या शेअरला कोणी विचारीना. बॉम्बे बँकेला पुढे दरवाजे बंद करावे लागले आणि तिच्या चौकशीसाठी सरकारला आयोग नेमावा लागला. बँकेत पुंजी ठेवलेल्या, भाव चढतील या आशेवर कर्ज काढलेल्या सामान्य कुटुंबांची वाताहत झाली.

अशा स्थितीत, १८६९ मध्ये मनोऱ्याची पायाभरणी झाली आणि १८७८ च्या नोव्हेंबरात काम पूर्ण झाले. आराखडा इंग्लंडचे विख्यात वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा होता, जरी त्यांनी मुंबईत कधी पाऊल ठेवले नव्हते. ग्रंथालय व मनोरा मिळून खर्च साडेपाच लाख रुपयांच्या जवळपास गेला. मनोऱ्याची उंची २८० फूट आहे. वरच्या भागात पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या दगडी प्रतिमा आहेत आणि त्या घडविण्याचे श्रेय मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याकडे जाते. वृद्धापकाळी राजाबाईंची दृष्टी गेली होती, सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नियम होता आणि वेळ कळावी म्हणून पुत्राने हा घंटानाद करणारा मनोरा बांधविला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. तिला कागदोपत्री आधार असो वा नसो, रात्रीभोजनत्यागाच्या एका नियमाची आठवण लाखो मुंबईकरांनी त्या घड्याळाशी जोडून ठेवली आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

येथे एक विचार मनाला स्पर्श केल्यावाचून राहत नाही. १८६४ साली प्रेमचंद सेठांनी जे हातचे सोडले ते आजही उभे आहे आणि जे तिजोरीत राखले होते ते वर्षभरात नाहीसे झाले. कोलकाता विद्यापीठाला दिलेल्या त्यांच्या दोन लाखांच्या देणगीतून सुरू झालेली 'प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती' आशुतोष मुखर्जींसारख्या विद्वानांना मिळाली. पुढे सेठजींनी धंद्याची घडी पुन्हा बसवली, परंतु आज त्यांचे नाव घेतले जाते ते त्यांनी दिलेल्या दानामुळे.

धनाचा उगम

दानाचे गुणगान करताना एका प्रश्नाकडे पाठ फिरवणे उचित होणार नाही. हे धन आले कोठून? प्रेमचंद सेठांच्या काळातील संपत्तीचा मोठा भाग सट्ट्याचा होता आणि त्या सट्ट्यात अनेकांचे संसार उद्ध्वस्त झाले. त्याआधीच्या पिढीत मुंबईच्या बहुतेक बड्या पेढ्यांचा व्यापार चीनशी होता. त्या व्यापारात कापसाबरोबर माळव्याची अफूही होती. जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा सेठ यांच्या पेढ्याही त्यात सामील होत्या. कंपनी सरकारने चालविलेल्या आणि त्या काळी प्रतिष्ठित मानल्या गेलेल्या या व्यापाराने चीनमधील असंख्य घरांचा नाश केला, हे आता इतिहासाने निःसंशय सिद्ध केले आहे.

मग या वास्तूंकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? त्या व्यक्तींना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि दानाच्या झगमगाटात उगम विसरणे त्याहून सोपे आहे. श्रावकधर्म या दोहोंच्या पलीकडचा मार्ग दाखवतो. न्यायाने मिळविलेले धन हीच दानाची पहिली अट आहे आणि परिग्रहाला मर्यादा घालणे हे अणुव्रत दानाच्या आधी येते. दान हे अन्यायाने मिळविलेल्या धनाचे प्रायश्चित्त ठरू शकत नाही. परंतु योग्य हाती गेलेले दान निष्फळही होत नाही. पांजरापोळातील गाय, रुग्णालयातील रोगी आणि ग्रंथालयातील विद्यार्थी यांना त्याचे फळ मिळाले व आजही मिळते आहे. या थोर पूर्वजांपासून औदार्य घ्यावे आणि त्यांच्या काळाच्या चुकीपासून सावधपणा घ्यावा. इतिहास वाचण्याचा उपयोग तो हाच.

ग्रंथ, कला आणि निवारा

राजाबाई टॉवरपासून पायी चालत काळा घोडा भागात आल्यास अशा वास्तूंची मालिकाच दिसते. डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०) हे बगदादहून आलेल्या ज्यू कुटुंबाच्या नावाचे. जहांगीर कलादालन (१९५२) हे सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेले. समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेले हे संग्रहालय १९२२ मध्ये जनतेसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीत सर करीमभाई इब्राहिम व सर कावसजी जहांगीर यांच्यासारख्यांच्या देणग्या होत्या आणि टाटा कुटुंबाने आपला कलासंग्रह त्यास अर्पण केला. जैन दर्शकांनी येथील भगवान पार्श्वनाथांची प्राचीन कांस्यमूर्ती अवश्य पाहावी. ज्ञात जैन कांस्यमूर्तींत ती अतिशय प्राचीन मानली जाते. श्रवणबेळगोळहून आलेली बाहुबलींची छोटीशी कांस्यमूर्तीही येथे आहे. डोंगराएवढ्या गोमटेश्वरापुढे नतमस्तक झालेल्या यात्रेकरूला या लहानशा मूर्तीतही तेच वैराग्य दिसेल.

भायखळ्यास राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या मुंबईच्या सर्वांत जुन्या संग्रहालयामागे नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी या मराठी पुढाऱ्यांचे परिश्रम होते. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले.

प्रवाशाला निवारा देणे हेही दानच. सी. पी. टँकजवळील हिराबाग धर्मशाळा दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांना परकी नाही. सुरतेस जन्मलेले आणि मोत्यांच्या व्यापारात नावारूपास आलेले दानवीर सेठ माणिकचंद हिराचंद जे. पी. (१८५१–१९१४) यांनी पित्याच्या स्मरणार्थ ती उभारली. भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीच्या १९०२ मधील स्थापनेत त्यांचाच पुढाकार होता. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे हे त्यांचे जीवनकार्य होते. त्यांच्या पश्चात माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेतून पंडित नाथूराम प्रेमी यांनी अनेक दुर्मीळ संस्कृत-प्राकृत ग्रंथ प्रकाशात आणले आणि हिराबागेचा पत्ता देशभरच्या अभ्यासकांना परिचित झाला. मलबार हिलवर वाळकेश्वर येथे बाबू अमीचंद पन्नालाल यांचे आदीश्वर मंदिर (१९०४) आहे. त्याचे संगमरवरी कोरीवकाम व रंगीत घुमट पाहण्यासाठी परदेशी प्रवासीही येतात. तेथून जवळच बाणगंगेचा तलाव आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही त्याचे पाणी गोडे आहे.

दोन दरवाजे आणि एक निनावी लेणे

सरकारी वास्तूंचाही उल्लेख येथे केला पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही रेल्वे कंपनीची इमारत १८७८ ते १८८८ या काळात फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. ओव्हल मैदानाभोवतीचा परिसर, ज्यात राजाबाई टॉवरही येतो, तो २०१८ मध्ये याच यादीत आला. गेट वे ऑफ इंडिया हे १९११ च्या राजभेटीचे स्मारक होय. प्रत्यक्ष भेटीच्या वेळी मात्र राजाराणींना त्याची पुठ्ठ्याची प्रतिकृतीच पाहावयास मिळाली होती. खरी कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर अवघ्या चोवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, इंग्रजांच्या अखेरच्या तुकडीने याच कमानीतून भारताचा निरोप घेतला. स्वागतासाठी बांधलेला दरवाजा निरोपाचा ठरला. भुलेश्वरच्या पांजरापोळाचा दरवाजा मात्र १८३४ पासून त्याच कारणासाठी उघडा आहे.

गेट वेवरून सुटणाऱ्या लाँचने तासाभरात घारापुरी बेटावर पोहोचता येते. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने जाण्यापूर्वी चौकशी करावी. १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या या शैव लेण्यातील सुमारे साडेपाच मीटर उंचीचे त्रिमुख शिवाचे शिल्प भारतीय शिल्पकलेचे शिखर मानले जाते. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासचे हे काम. ते कोणी करविले? पोर्तुगीजांच्या काळी येथे एक शिलालेख होता. तो त्यांनी काढून पोर्तुगालला नेला आणि तेथे तो गहाळ झाला. त्यामुळे करविता कोण, खर्च कोणाचा, छिन्नी कोणाची, याविषयी विद्वानांत तर्क चालतात, पण निर्विवाद नाव कोणाचेच नाही.

मुंबईच्या दर्शनाचा शेवट या ठिकाणी व्हावा, हे सर्वथा योग्य आहे. दिवसभर नावे वाचून झालेली असतात. राजाबाई, अवाबाई, हिराचंद, जहांगीर. प्रत्येक नावामागे कोणाचे तरी प्रेम आणि कोणाची तरी कृतज्ञता आहे. दात्याचे नाव कोरले जावे यात गैर काही नाही. त्यामुळे पुढच्या पिढीला प्रेरणा मिळते. परंतु ज्याचे नाव पुसले गेले त्याचे लेणेही दीड हजार वर्षे तितक्याच डौलाने उभे आहे. शास्त्रकारांनी गुप्तदानाला श्रेष्ठ का मानले, हे घारापुरीच्या त्या अर्धप्रकाशात उभे राहिले की कोणालाही सांगावे लागत नाही.

संस्था पन्नास वर्षांची होते तेव्हा तिच्या भिंतींवरही अशी अनेक नावे असतात आणि ज्यांची नावे कोठेच नाहीत असे हातही त्याहून अधिक असतात. मुंबईस जाणाऱ्या धर्मबंधू-भगिनींनी मुलाबाळांना बरोबर घेऊन ही स्थळे पाहावीत, प्याऊवरील आणि पायरीवरील अक्षरे त्यांच्याकडून वाचून घ्यावीत, धन कसे मिळविले गेले आणि कसे दिले गेले हे दोन्ही त्यांना सांगावे. परत येताना त्यांच्यापैकी एकाने जरी आपल्या गावात पाण्याचे, पुस्तकांचे वा मुक्या जीवांचे एखादे लहानसे काम हाती घेण्याचा संकल्प केला, तरी त्या प्रवासाचे सार्थक झाले असे समजावे.